चार नंबरच्या पंचाची कबुली

मी एक जुना पंच आहे, मित्रांनो. गावात न्याय करणारे पंच असतात, तसला नाही. मी पोलादाचा तुकडा. बोटाएवढा लांब, करंगळीपेक्षा थोडा जाड. माझ्या एका टोकाला चारचा आकडा कोरलेला होता आणि दुसऱ्या टोकावर हातोडी बसायची. हातोडी बसली की समोरच्या लोखंडावर चार उमटायचा. चार उमटला म्हणजे माल तपासला, चांगला आहे, जाऊ द्या. मला एवढं एकच बोलता यायचं.

आणि ते एकच मी खोटं बोललो. एका दिवसात, दोनशे चाळीस वेळा.

तेच सांगायचंय. पण आधी सुरुवातीपासून सांगतो. नाहीतर तुम्हाला ते ठोके मारणाऱ्या शमूचा नुसता राग येईल.

माझा जन्म चाकणच्या एमआयडीसीतला. मोठी कंपनी नाही. पत्र्याचं शेड, सव्वाशे माणसं. आमच्याकडं टेम्पोचे ब्रेक पेडल बनायचे आणि मोठ्या कंपनीला जायचे. मला घडवलं दत्तोबांनी. ते तिथलेच. त्यांच्या रानातच ते शेड उभं राहिलं. "आमी हितं ज्वारी काढायचो, आता पंच काढतो," असं म्हणून हसायचे. त्यांनी पोलादाची कांडी कापली, टोकाला उलटा चार कोरला. उलटा, कारण उमटताना तो सुलटा यावा. मग मला भट्टीत लालभडक केलं आणि एकदम तेलात बुडवलं. तेव्हा मी जो चर्र ओरडलो तेवढाच. नंतर कधी मला ओरडता आलं नाही.

पुढं दत्तोबांची नजर कमी झाली, त्यांना स्टोअरच्या खिडकीत बसवलं. पंच तिथंच असायचे. शिफ्ट सुरू होताना सही करून न्यायचा, संपली की सही करून जमा करायचा. प्रत्येक तपासणाऱ्याचा नंबर वेगळा. माल कुणी पास केला ते त्या नंबरावरून कळायचं.

मला सही करून नेणारा पहिला आणि शेवटचा माणूस शमू. शमुवेल शिरसाठ. मूळचा जालन्याकडचा, राहायला दिघीत भाड्यानं. आम्ही आठ वर्षं एकत्र होतो.

त्याची एक सवय होती. पहिला ठोका मारायच्या आधी तो मला मुठीत धरायचा, डोळे मिटायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. दहा सेकंद. जास्त नाही. वेल्डिंग करणाऱ्या विक्कीला ते फार आवडायचं, म्हणजे चिडवायला.

"ओ फादर, झाली का प्रार्थना? माल थंड व्हायला लागला."

"फादर कॅथलिकांचे असतात रे. आमच्यात पाळक."

"बरं मग पाळकसाहेब, माझं वेल्डिंग पास होऊ दे म्हणून पण बोला की वर."

"ते वर नाही, खाली बघून ठरतं," असं म्हणून शमू गेज, म्हणजे मापाची पट्टी, लावायचा. आणि नसेल बरोबर तर नाही म्हणायचा. विक्की शिव्या द्यायचा, पुन्हा करून आणायचा. डबा मात्र दोघं एकत्रच खायचे.

खंडेनवमीला शेडमध्ये सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. शमू कुंकू लावायचा नाही, हात जोडायचा नाही. पण त्या दिवशी तो सगळ्यांच्या एक तास आधी यायचा आणि प्रत्येक हत्यार केरोसीननं धुवून, तेलाचा हात फिरवून ठेवायचा. मग दत्तोबा येऊन पूजा मांडायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, हा पूजेला का उभा राहत नाही? दत्तोबा म्हणाले, "त्यानं त्याची केलीया सकाळीच. तू हत्यार पुसलं व्हतं का?"

माल तपासायला मोठ्या कंपनीची माणसं यायची, ती म्हणायची, चार नंबर असेल तर बॉक्स उघडू नका, घ्या आत. मला हे ऐकून लई भारी वाटायचं. खोटं कशाला बोलू? मला गर्व झाला होता. ठोके खाऊन खाऊन माझं डोकं फुलासारखं पसरलं होतं, पण आकडा अजून धारदार होता.

शमूला एकच गोष्ट छळायची. रविवार.

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. रविवारी भोंगा वाजतो, बसेस भरून येतात, मशिनी चालू. बाकीच्यांना काही फरक पडत नाही. पण शमूची मंडळी चिंचवडच्या देवळात उपासनेला बसलेली असायची आणि तो इथं गेज लावत असायचा. ते चर्चला देऊळच म्हणायचे. गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असायची, तिथं तो न चुकता जायचा. पण प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, तो रविवारी. रविवारी दहा वाजले की त्याचा हात थोडा थांबायचा. मला कळायचं. हाताची पकड बदलायची.

एकदा तो दत्तोबांना म्हणाला, "देवाच्या दिवशी मी देवाकडं नाही, आणि कामाच्या दिवशी घरी बसलेलो. मी नक्की कुणाचा?"

दत्तोबा म्हणाले, "मला काय इचारतो? मला एकादशीला बी शेवभाजी लागती."

मागच्या वर्षी शमूला मुलगी झाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी. नाव ठरवलं हन्ना. बाप्तिस्म्याचा दिवस पाळकांनी दिला, ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार. शमूचे वडील जालन्याहून येणार होते. त्यांना धड चालवत नव्हतं, तरी म्हणाले, नातीच्या डोक्यावर पाणी पडताना बघायचंय, मग मला काही झालं तरी चालेल.

पण तो रविवार आला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. ज्यांनी कंपनीत काम केलंय त्यांना मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. सुट्टी नाही म्हणजे नाही. नोटीस लागली होती.

शमूनं क्वालिटीच्या अजिंक्य सरांकडं तीन वेळा अर्ज दिला. तिन्ही वेळा सर म्हणाले, "बघू." सर वाईट माणूस नव्हते हो. वय तिशीच्या आत, डोळ्याखाली काळं, फोन सारखा वाजणारा.

शनिवारी सकाळी मी शमूच्या हातात होतो. त्यानं पहिला पेडल घेतला, गेज लावला आणि मला खाली ठेवलं. दुसरा घेतला. तिसरा. वेल्डिंगची रेघ चार बोटं पाहिजे, ती तीनच बोटं होती. विक्कीची चूक नव्हती. पेडल जागेवर पकडून ठेवणारी पिन झिजली होती, त्यामुळं प्रत्येक तुकडा थोडा सरकून वेल्ड झाला होता. शमूनं सगळी खेप बघितली. दोनशे चाळीस. सगळे तसेच. त्यानं लाल खडूनं फुल्या मारल्या.

अजिंक्य सर धावत आले.

"शमू, काय चालवलंय? पाचला गाडी आहे. त्यांची लाइन थांबली तर दंड लागेल, आणि माझी खुर्ची जाईल."

"सर, वेल्ड कमी आहे."

"कमी आहे, अजिबातच नाही असं नाही ना? तीन बोटं पण पकडतं. कुणी चेक करत नाही तुझा माल. तुझा नंबर आहे म्हणून घेतात."

"म्हणूनच म्हणतोय सर."

सरांनी इकडंतिकडं बघितलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "उद्या तुझ्या मुलीचं आहे ना ते?"

शमूनं हातातला खडू खाली ठेवला.

"गेटपास बनवून ठेवतो. उद्या पूर्ण दिवस. आणि पुढचं सांगू? एप्रिलपासून तुझी सुट्टी रविवार करून टाकतो. कायमची. गुरुवारी येत जा, मेंटेनन्सवाल्यांबरोबर. मला साइन करायला दोन मिनिटं लागतात. देवासाठीच मागतोयस ना? घे मग."

मित्रांनो, सरांनी ओव्हरटाइम किंवा प्रमोशन देऊ केलं असतं तर शमू हसून निघून गेला असता. मी त्याला ओळखतो. पण त्याच्यासमोर ठेवला होता रविवार. आठ वर्षं जे मागत होता ते. आणि फोनवर वडिलांचा मेसेज आला होता, शिवाजीनगरला उतरलो, रिक्षात बसतो.

तो अर्धा तास बाकावर बसून राहिला. मला बोटांत फिरवत.

मग त्यानं ओल्या फडक्यानं लाल फुल्या पुसल्या.

त्या दिवशी त्यानं मला मुठीत धरून डोळे मिटले नाहीत. सरळ हातोडी उचलली. ठक्. पहिला चार उमटला. मला वाटलं, थांबेल. ठक्. दुसरा. मी आतून ओरडत होतो पण माझा आवाज म्हणजे तोच चार, दुसरा कुठून आणू? विक्की शेजारून बघत होता. त्याला आपला माल माहीत होता.

"फादर," तो म्हणाला, "आज पास?"

शमू वर न बघता म्हणाला, "पास."

विक्की हसला नाही. चिडवलं पण नाही. तेच जास्त लागलं असणार.

पाचला गाडी गेली. शमू इतका घाईत निघाला की मला जमा करायचं विसरला. आठ वर्षांत पहिल्यांदा. मी त्याच्या खिशात, त्याच्या किल्ल्यांबरोबर दिघीला गेलो.

सकाळी दीपमालानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, इस्त्रीची पँट काढून दिली. किल्ल्या इकडच्या खिशातून तिकडच्या खिशात टाकताना मी पण गेलो. असा मी देवळात पोचलो.

मला तिथलं काही दिसलं नाही. खिशात अंधार होता. पण ऐकू आलं. लोक गात होते, झावळ्या सळसळत होत्या. शमूचे वडील सगळ्यांना सलाम सलाम करत होते, माझी नात, माझी नात म्हणत होते. हन्ना मधेच रडत होती. मग सगळं शांत झालं आणि पाळकसाहेबांनी आईबापांना पुढं बोलावलं. त्यांनी दीपमालाला विचारलं, "या लेकरासमोर तुम्ही घरात आणि बाहेर खरेपणानं चालाल का?"

"होय, देवाच्या साहाय्यानं."

मग शमूला विचारलं. तेच.

त्याचा हात खिशात आला. रुमाल शोधत असेल. हाताला मी लागलो.

 त्यानं मला इतकं घट्ट धरलं की माझा चार त्याच्या तळव्यात उमटला असेल. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. दीपमाला हळूच म्हणाली, "अहो, बोला ना."

"साहेब," शमू म्हणाला, "माझं उत्तर आज नका घेऊ."

सगळीकडं कुजबुज.

"कालच मी खोटं केलंय. आज इथं येता यावं म्हणून केलंय. आता होय म्हटलं तर अजून एक होईल. लेकराला आज तिच्या आईच्या शब्दावर बाप्तिस्मा द्या. मी माझं उत्तर नंतर आणून देतो."

 मग पाळकसाहेबांनी दीपमालाला विचारलं, "चालेल, बाई?" ती रडत होती, पण म्हणाली, "द्या." पाण्याचा आवाज आला. हन्ना जोरात रडली. वडिलांनी जे बघायला एवढा प्रवास केला ते त्यांना असं बघायला मिळालं. भर देवळात, लोकांच्या कुजबुजीत.

बाहेर आल्यावर ते शमूला एवढंच म्हणाले, "जेवायला थांबू नको. जा आधी."

शमू त्याच कपड्यांत गाडीवर बसला. भोसरी, मग मोशीचं ट्रॅफिक, मग चाकण. सिग्नलला तो सारखा ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवत होता आणि उचलत होता.

अजिंक्य सर शेडमध्येच होते. "सुट्टी दिलीय ना तुला? इथं काय करतोयस?"

"सर, ती खेप परत बोलवा."

"पोचली ती."

"मग फोन करा. उद्या लाइनवर जाईल. कुणाचा तरी पाय पडणार आहे त्याच्यावर."

"शमू, वेडा झालास का? हे उघडं पडलं तर आपण दोघं संपलो."

"तुम्ही फोन केला तर बरं होईल. नाही केला तर मी करतो."

सर खुर्चीत बसले. "माझं नाव घेणार?"

"विचारलं तर घेईन. आधी माझं घेईन. ठोके मी मारलेत."

सरांनी फोन केला नाही. शमूनं केला. माझा नंबर सांगितला, चार, आणि म्हणाला, हा माल मी तपासून चुकीचा पास केलाय, लावू नका.

मग तो स्टोअरच्या खिडकीवर आला आणि मला ठेवलं. "दत्तोबा, हा राहिला होता माझ्याकडं."

दत्तोबांनी मला उलटंसुलटं बघितलं. "राहिला न्हाई. इसरलास. आन तू कवा इसरत न्हाईस." थोड्या वेळानं म्हणाले, "काल वहीत तुझ्या नावापुढं जागा मोकळी ठेवलीया. लिव आता."

शमूनं सही केली. वेळ खरी लिहिली.

मित्रांनो, इथं गोष्ट संपली असती तर मला पण बरं वाटलं असतं. शमू खरं बोलला, सगळ्यांनी शाबासकी दिली, वगैरे. तसं झालं नाही.

सगळा माल परत आला. सहा पेडल तोपर्यंत गाड्यांना लागले होते, ते काढले. आमच्याकडून माल घेणं आठ दिवस बंद झालं. काम नाही म्हणून कंत्राटी पोरांना घरी बसवलं, त्यात विक्की होता. तो गेटवर शमूला भेटला. "तुझं मन मोकळं झालं, भावा," तो म्हणाला, "माझ्या घरी गॅस संपलाय. शनिवारीच नाही म्हटला असतास तर मी दिवसभरात पुन्हा वेल्ड मारून दिलं असतं सगळं. मारलं असतं का नसतं?"

"मारलं असतंस," शमू म्हणाला.

  खरं एक दिवस उशिरा बोललं की ते दुसऱ्यांना पण लागतं.

चौकशीत सरांचं नाव निघालं. सरांनी सांगितलं, मी असं काही म्हटलं नव्हतं. ते राहिले. शमूला काढलं. कागदावर कारण लिहिलं, खोटा पंच मारला. ते खरंच होतं, त्यामुळं त्यानं भांडण केलं नाही.

आणि माझा नंबर बंद झाला. अशा पंचाचा आकडा घासून टाकायचा नियम आहे. काम दत्तोबांकडंच आलं. त्यांनी मला ग्राइंडरवर धरलं. ज्या हातांनी चार कोरला होता त्याच हातांनी. ठिणग्या उडाल्या. माझं तोंड गुळगुळीत झालं. "रागावू नगंस," ते मला म्हणाले. मी कशाला रागावू?

शमू कागद न्यायला आला तेव्हा त्यांनी मला त्याच्या हातावर ठेवलं. "भंगारातच जायचा व्हता. ऱ्हाऊ दे तुझ्याकडं."

आता मी दिघीत त्यांच्या घरी असतो. दीपमाला माझ्याकडून बत्त्याचं काम करून घेते, आलं ठेचते. हन्ना उभी राहायला लागलीय, तिला मी फार आवडतो, ती मला चोखते. तोंडावर आकडा नसल्यामुळं तिला काही टोचत नाही.

शमूला आता सगळे रविवार मोकळे आहेत. गुरुवार पण, सोमवार पण. तो नोकरी शोधतोय. मला खिशात घालून नेतो. भोसरीत एका शेडच्या मालकानं विचारलं, "आठ वर्षांनी का सोडली?"

"सोडली नाही, काढलं. मी खोटा पंच मारला होता."

मालक बघतच राहिले. "अहो, हे कशाला सांगता? तब्येतीचं कारण द्यायचं."

"विचारलंत म्हणून."

"कळवतो," ते म्हणाले. कळवलं नाही. अशा चार जागा झाल्या. दर वेळी तो खिशात मला धरतो आणि तेच सांगतो. परत येताना गाडी हळू चालवतो. परवा दीपमाला म्हणाली, "एकदा तरी तब्येत सांगा हो." तो म्हणाला, "मनात आलं होतं." तिनं ताट वाढलं आणि दोघं जेवले.

पण गेल्या रविवारी, उपासना संपल्यावर, लोक चपला घालत असताना तो पाळकसाहेबांकडं गेला. मी खिशातच होतो.

"सलाम, साहेब. माझं एक उत्तर राहिलं होतं."

"मिळाली का नोकरी?"

"नाही."

पाळकसाहेबांनी त्याला आत नेलं, दीपमालाला आणि हन्नाला बोलावलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. घरात आणि बाहेर. शमूचा आवाज बारीक होता, पण मला नीट ऐकू आला.

"होय. देवाच्या साहाय्यानं."

मित्रांनो, माझ्या तोंडावर आता काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मला मोकळेपणानं बोलता येतंय. तुमच्या हातात उद्या काय असेल मला माहीत नाही. पंच असेल, पेन असेल, तराजू असेल, मोबाईल असेल. आम्हाला नीट पुसा, तेल लावा, पावसात टाकू नका, हे सगळे सांगतात. मी एकच मागतो. आमच्या तोंडून खोटं वदवू नका. ठोका पडला की आम्हाला उमटावंच लागतं. आम्हाला नाही म्हणता येत नाही.

तुम्हाला येतं.